सिनेमाची धून चेलोवर ऐकताना धून सोडा आणि गज पकडा

बहुतेकांचं असं होतं की कुठेतरी चेलोवर वाजवलेली एखादी पिक्चरची धून कानावर पडते, पाच-सहा सेकंदात ओळखू येते, अरे ही तर त्या सिनेमातली, आणि मग तो सिनेमाच डोळ्यांसमोरून सरकायला लागतो, कोण गेलं होतं, कोण परत आलं होतं, आणि तोवर ट्रॅक संपून जातो. छान वाटतं, नाही असं नाही, पण चेलो मात्र ऐकायचा राहूनच गेलेला असतो. मीसुद्धा कितीतरी वर्षं असंच ऐकत होते, काम करताना मागे लावून ठेवायचं आणि बस. मग एका रात्री हेडफोन लावून ऐकताना धून सुरू व्हायच्या आधी वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू आला, नाकाने घेतलेला, अगदी छोटा, आणि त्याच्या मागोमाग तारेवर गज, म्हणजे वाजवायची केसांची काठी, टेकल्याचा एक खरखरीत स्पर्श, आणि मग सूर. तो ट्रॅक मी आधी पन्नासेक वेळा तरी ऐकला असेल, पण हे दोन आवाज कधी ऐकलेच नव्हते. त्यानंतर ऐकायची पद्धतच बदलली, आणि तीच इथे सांगतेय, वाद्य वाजवता येत नसेल, नोटेशन वाचता येत नसेल तरी काही अडत नाही.

सगळ्यात आधी फोनचा स्पीकर बंद करा, प्लीज. चेलोची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ६५ हर्ट्झचा सूर निघतो, म्हणजे तार सेकंदाला ६५ वेळा थरथरते, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला इतकं खाली जाताच येत नाही. तरी आपल्याला सूर कुठला ते कळतं, कारण त्याच सुरातून निघणारे वरचे बारीक सूर ऐकू येत असतात आणि खालची मोकळी जागा मेंदू स्वतःच भरून घेतो, पण त्या खर्जाचा भार, छातीत घुमणं, ते त्यात नसतं. साधे कानात घालायचे हेडफोन चालतील, महागच पाहिजेत असं नाही, फक्त बास वाढवणारी सेटिंग बंद ठेवा, नाहीतर खालची तार सगळ्यांवर चढून बसते आणि बारकाव्यांचा चिखल होतो.

आता वाद्याची थोडी ओळख, थोडीच, कारण हे कानाने जास्त कळतं. चार तारा, जाडीकडून बारकीकडे सी, जी, डी, ए. मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य पायांच्या मध्ये उभं, खाली दांडी जमिनीत रुतवलेली, वरचा भाग छातीला टेकलेला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगातूनच तो आवाज जातो. सगळे म्हणतात की चेलो माणसाच्या आवाजासारखा वाटतो, आणि त्याला कारण आहे, पुरुषाच्या खर्जापासून बाईच्या वरच्या सुरांपर्यंतचा सगळा पट्टा या एका वाद्यात येतो. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. वरच्या ए तारेचा मोकळा सूर २२० हर्ट्झचा, आणि व्हायोलिनची सगळ्यात खालची तार १९६ ची, म्हणजे त्या आसपासचे बरेच सूर दोन्ही वाद्यांवर वाजतात. व्हायोलिनसाठी ती खालची, निवांत जागा आहे. चेलोसाठी तिथून पुढे चढण आहे, हात बोटं दाबायच्या पट्टीवर खाली खाली सरकत जातो, एका टप्प्यानंतर अंगठासुद्धा तारेवर आडवा ठेवावा लागतो, आणि तो ताण आवाजात उतरतो. म्हणून सिनेमात जिथे काहीतरी हवंय आणि मिळत नाहीये असा प्रसंग असतो तिथे संगीतकार चेलोला वरच्या तारेवर चढवतात, तोच सूर व्हायोलिनवर सहज वाजला असता तरीही. एखादी धून ऐकताना एवढंच विचारा की आत्ता हा आरामात बसलाय की चढतोय. अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात.

आता मुख्य मुद्दा, गज. चेलो म्हटलं की आपलं लक्ष डाव्या हाताकडे जातं कारण बोटं तिथे नाचतात, पण बोलतो तो उजवा हात. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, त्यांना राळ घासलेली असते, आणि राळेमुळे केस तारेला चिकटतात, थोडी ओढून नेतात, मग तार सुटते, परत चिकटते, परत सुटते, हे त्या सुराच्या कंपनांइतक्याच वेळा, म्हणजे त्या जाड मोकळ्या तारेवर सेकंदाला ६५ वेळा. चिकटणं आणि सुटणं, सगळा आवाज यातूनच येतो. वाजवणाऱ्याच्या हातात तीनच गोष्टी असतात, गज किती वेगाने ओढायचा, किती दाबायचा आणि घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकलेल्या असतात त्या लाकडी तुकड्याच्या, किती जवळ ठेवायचा. घोडीच्या अगदी जवळ गेला की आवाज काचेसारखा, किरकिरा, भीतीदायक होतो, सिनेमातल्या अंधाऱ्या जिन्यांवर जो ऐकू येतो तो. पट्टीच्या बाजूला सरकला की धुक्यासारखा, बासरीकडे झुकणारा. हे दोन टोकाचे आवाज एकदा कानात बसले की मधले सगळे आपोआप ओळखता येतात.

यासाठी एक सराव आहे, मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय, त्यामुळे जरा सावकाश सांगते. कुठलीही संथ धून घ्या, ओळखीची असेल तर उत्तम, कारण धून शोधण्यात डोकं खर्च होणार नाही. त्यातला एकच लांब सूर निवडा, तीन-चार सेकंदांचा, आणि तेवढाच तुकडा मागे मागे नेऊन ऐका. पहिल्यांदा फक्त सुरुवात ऐका, सूर कसा लागला, क किंवा त म्हटल्यासारखा ठसक्यात, की म म्हटल्यासारखा कुठून आला ते कळलंच नाही असा. दुसऱ्यांदा मधला भाग ऐका, सूर फुगतोय का, की सपाट आहे, की आत काहीतरी हलतंय. तिसऱ्यांदा गज उलटा फिरतो ती जागा शोधा. गज साधारण ७० सेंटीमीटरचा असतो, तो संपतो, मग दिशा बदलावी लागते, आणि त्या क्षणी सुरात एक बारीकसा सांधा येतो, कपड्याच्या शिवणीसारखा. मोठे कलाकार तो सांधा इतका लपवतात की सापडत नाही, आणि कधीकधी मुद्दाम दाखवतात, कारण तिथे वाक्य मोडायचं असतं. चौथ्यांदा शेवट, गज तारेवर थांबवला की हवेत उचलला, उचलला असेल तर तार मागे थोडी घुमत राहते. एवढं केलं की पाच मिनिटं जातात, पण नंतर तीच पूर्ण धून लावा, ती बोलताना ऐकू येते.

डाव्या हाताचं मग पटकन सांगते. दोनच गोष्टी, सूर हलवणं आणि सूर सरकवणं. सूर हलवणं म्हणजे व्हायब्रेटो, बोट तारेवर डोलवायचं, आणि सरकवणं म्हणजे आपली मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. ज्यांनी सारंगी किंवा गाणं ऐकलंय त्यांचा कान मींडीला आधीच तयार असतो, हा मोठाच फायदा आहे, तो वापरा. व्हायब्रेटोबाबत एकच बघा, तो सारखा चालूय का. चांगला वादक काही सूर मुद्दाम न हलवता, कोरे ठेवतो, मग पुढचा सूर हलला की अंगावर येतो. सगळेच सूर सारखे हलत असतील तर मला तरी दोन मिनिटांत कंटाळा येतो.

आता प्रत्यक्ष कुठून सुरू करायचं. माझा आग्रह की तुलना करून ऐका, एकटा ट्रॅक ऐकून कान तयार व्हायला फार वेळ लागतो. पहिली जोडी, एन्नियो मोरिकोनेची 'गॅब्रिएल्स ओबो' ही धून, १९८६ च्या 'द मिशन' सिनेमातली. मूळ ओबोवर, म्हणजे एका फुंकून वाजवायच्या वाद्यावर आहे, नावातच आहे, आणि सिनेमात एक पाद्री जंगलात ती वाजवतो. हीच धून चेलोवादक यो-यो मा यांनी २००४ मध्ये आलेल्या मोरिकोनेच्या संगीताच्या अल्बममध्ये चेलोवर वाजवलीय. आधी ओबो ऐका, तिथे वाक्य किती लांब असणार हे फुंकर ठरवते, श्वास घ्यायला थांबावंच लागतं. मग चेलो ऐका, इथे श्वासाची सक्ती नाही, पण गजाची लांबी आहे, म्हणजे थांबे वेगळ्या ठिकाणी पडू शकतात. तरीही बघा यो-यो मा कुठे कुठे अगदी श्वास घेतल्यासारखं थांबतात, गज संपलेला नसताना. ही निवड आहे, आणि अशा निवडी ऐकू यायला लागल्या की मजा सुरू होते.

दुसरी जोडी एकाच अल्बममध्ये मिळते, जॉन विल्यम्सचं २००५ च्या 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा'चं संगीत. यात यो-यो मा चेलोवर आहेत आणि इत्झाक पर्लमन व्हायोलिनवर. आपल्याला वाटेल मुलीला व्हायोलिन आणि पुरुषाला चेलो देतील, पण उलटं आहे, नायिका सायुरीची धून चेलोवर आणि तिला आवडणाऱ्या चेअरमनचं वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचं नाचाचं संगीत, व्हायोलिनवर. असं का केलं असेल याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, पण ऐकताना मला असं वाटतं की ज्याच्या मनात आत काय चाललंय ते आपल्याला कळायला हवं त्याला चेलो मिळाला, आणि ज्याला ती लांबून बघते त्याला वरचं, दूरचं व्हायोलिन. दोन्ही लागोपाठ लावा, तुमचं मत वेगळं झालं तर तेही चांगलंच.

यो-यो मांचंच अजून एक, तान डुन यांचं 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन', सिनेमा २००० चा, संगीताला ऑस्कर मिळालं. इथे मींड ऐकायची. चेलो तोच आहे, चार तारा त्याच, पण सूर असे घसरवलेत की अर्हू या दोन तारांच्या चिनी वाद्याची आठवण यावी. मला वाटतं या अल्बमपासून सुरुवात केली तर मींडीच्या वाटेने आपल्या कानाला आत शिरणं सगळ्यात सोपं जातं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. बॅटमॅनच्या गोष्टीतला जोकर. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं संगीत आहे, त्यात जोकरची ओळख म्हणून धून अशी नाहीच, एकच सूर आहे, ताणत ताणत, किंचित वर सरकत नेलेला, मार्टिन टिलमन या चेलोवादकाने वाजवलेला. तो सूर ऐकताना आधी कळतच नाही की हा चेलो आहे, माशी घोंगावतेय की वायर जळतेय असं वाटतं. पण वर सांगितलेलं गजाचं डोक्यात ठेवून ऐका, चिकटणं आणि सुटणं, ते जणू सूक्ष्मदर्शकाखाली धरलंय, तार सुटत नाहीये, दाब वाढतोय, आता तुटेल आता तुटेल आणि तुटत नाही. त्या माणसाचा स्वभाव एका सुरात बसवलाय.

मग २०१९ चा 'जोकर' घ्या. संगीत हिल्दुर गुडनादोत्तिर यांचं, त्या स्वतः चेलोवादक, मूळच्या आइसलँडच्या, आणि याच कामासाठी त्यांना २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. इथे शूटिंगच्या आधीच, नुसती पटकथा वाचून, त्यांनी संगीत लिहायला घेतलं होतं, आणि ते सेटवर वाजवलं गेलं. बाथरूममधला तो संथ नाच आठवा, वाकीन फिनिक्सने तो त्या चेलोच्या संगीतावर केलाय, म्हणजे शरीर गजाच्या मागून चाललंय. एकदा आवाज बंद करून तो प्रसंग बघा, मग चित्र बंद करून नुसतं ऐका, मग दोन्ही एकत्र. पाय पुढे सरकतो तो कसा आणि गज ओढला जातो तो कसा, दोन्हीचा वेग एकच आहे, दोन्हीत तोच जडपणा, तेच कुठेतरी अडकून मग सुटणं. इथे चेलो पुढे असतो आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या मागे दबकून, सिनेमा पुढे जातो तसा मागचा जमाव वाढत जातो. तेच पात्र, तेच वाद्य, अकरा वर्षांचं अंतर, आणि एकाने चेलोतून फक्त घर्षण काढून घेतलं तर दुसरीने दुःख. वाद्य एकच असून हे होऊ शकतं ते फक्त गजामुळे, डाव्या हाताला दोन्हीकडे फारसं काम नाही.

भीतीसाठी चेलो वापरण्याची परंपरा अर्थात जुनीच आहे. 'जॉज', १९७५, विल्यम्स यांचेच ते दोन सूर, इ आणि एफ, खालच्या तंतुवाद्यांवर, चेलो आणि त्याहून मोठ्या डबल बासवर, आधी हळू मग जवळ जवळ. 'सायको'त, १९६०, बर्नार्ड हर्मनने संगीतात तंतुवाद्यांशिवाय काहीच घेतलं नाही, आणि सगळ्यांना आठवतात त्या व्हायोलिनच्या किंकाळ्या, पण शॉवरचा प्रसंग पुढे ऐका, किंकाळ्या थांबल्यावर खालून चेलो आणि बास जड पावलं टाकत येतात, जीव जातो तो तिथे.

आणि विनोदाला पण चालतो हो चेलो, हान्स झिमरची २००६ ची 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधली 'जॅक स्पॅरो' ही धून ऐका, चेलो पुन्हा मार्टिन टिलमन यांचाच, चाल अशी की पाय लटपटतायत पण माणूस पडत नाही. गज कुठे जड टाकलाय आणि कुठे सोडून दिलाय तेवढं बघा.

हल्ली बरेच लोक चेलोकडे येतात ते कव्हर व्हर्जनमधून, आणि त्यात काही वाईट नाही. लुका शुलिच आणि स्टेपान हाउझर या दोघांचा २चेलोज ग्रुप, २०११ मध्ये त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला, आणि २०१७ मध्ये त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर सिनेमाच्या धुनांचा 'स्कोअर' नावाचा अल्बम केला. असं काही ऐकताना आधी हे ठरवा की धून मुळात वाद्याची होती की गाण्याची. गाण्याची असेल तर शब्द गेलेत, आणि शब्दांबरोबर व्यंजनं गेलीत, ती आता गजाने भरून काढायला हवीत. शब्द येत असतील तर मनात म्हणत म्हणत ऐका, जिथे गाण्यात ठसका आहे तिथे गज ठसक्यात पडतो का, जिथे गायक शब्द लांबवतो तिथे वादकाने सूर जिवंत ठेवलाय की नुसता ताणलाय. अनेक कव्हरमध्ये इथेच गडबड होते, सगळं गुळगुळीत, एकाला एक जोडलेलं, वरून भरपूर घुमारा चढवलेला, आणि ऐकायला गोड असलं तरी कोण काय बोलतंय ते कळत नाही. घुमारा जास्त आहे का ते ओळखायचं सोपं आहे, सूर संपल्यावर खोली किती वेळ गुणगुणत राहते ते मोजा. आणि एकाच माणसाने चार-पाच चेलो एकावर एक रेकॉर्ड केलेले असतील तर सगळ्यात खालचा चेलो पकडून त्याच्याच मागे शेवटपर्यंत जा, वरची धून आपसूक ऐकू येतेच.

झोपण्यासाठी चेलो, अभ्यासासाठी चेलो असे तीन-तीन तासांचे मिक्स मात्र कान तयार करायला वापरू नका. ते ऐकण्यासाठी बनवलेलेच नसतात. रोज दहा मिनिटं, एक ट्रॅक, हातात दुसरं काही नको.

पडद्यावर कुणी चेलो वाजवताना दिसलं तर तिथेही गजच बघा. १९४६ च्या 'डिसेप्शन'मध्ये पॉल हेनरीड चेलोवादक झालाय, त्याला वाजवता येत नव्हतं, म्हणून त्याच्या मागे लपून खऱ्या वादकांनी कोटाच्या बाह्यांतून आपले हात पुढे काढले, एकाने गज धरला, एकाने पट्टी. आवाज एलिनॉर ॲलर या चेलोवादक बाईंचा, आणि संगीतकार कोर्नगोल्डने त्या सिनेमासाठी लिहिलेलं ते संगीत पुढे चेलो कॉन्सर्टो म्हणून, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या चेलोची रचना म्हणून, मैफलींत वाजायला लागलं. म्हणजे एका वादकाच्या मागे इतकी माणसं, आणि तरी प्रसंग खरा वाटतो, कारण दिसणारा गज आणि ऐकू येणारा गज एकत्र हलतात. ज्या सिनेमांत ते जुळत नाही तिथे काहीतरी खोटं आहे हे कान नसलेल्यालाही जाणवतं, फक्त काय ते सांगता येत नाही.

शेवटी ठेवा 'मास्टर अँड कमांडर', २००३ चा. त्यात जहाजावरचा कॅप्टन व्हायोलिन वाजवतो आणि डॉक्टर चेलो, आणि मध्ये बाखच्या पहिल्या चेलो सुईटचा (छोट्या रचनांच्या मालिकेचा) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, येतो, साथीला कुणीही नाही, एकटा चेलो. धून म्हणावं असं त्यात फारसं काही नाही, सूर एकामागून एक ओघळत जातात, आणि तेच धून असतात, तेच साथ असतात, ऐकताना खालचे सूर वेगळे धरायचा प्रयत्न करा, दोन जण वाजवतायत असं वाटेल. मग सिनेमाच्या अगदी शेवटापर्यंत थांबा. दोघं केबिनमध्ये बसून बोकेरिनी या संगीतकाराची रचना वाजवतात, इतका वेळ आपण ज्या गजाच्या मागे फिरलो तो तिथे बाजूला राहतो, आणि गिटार छेडावी तशा तारा बोटांनी छेडल्या जातात.